ढगाचा पंचनामा



'पंचनामा' हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पोलीस येतात, शेजारपाजारचे दोन पंच बोलावतात, खोलीत काय कुठे सापडले ते लिहितात, वस्तू कापडात गुंडाळून तिला लाखेचे सील लावतात, खाली सह्या होतात आणि मुद्देमाल ठाण्यात जमा होतो. या साऱ्या विधीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, वस्तू कुठे तरी आहे. तिला चतुःसीमा आहे. पूर्वेस भिंत, पश्चिमेस खिडकी, दक्षिणेस कपाट. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच की, चतुःसीमाच नसलेल्या गोष्टीचा पंचनामा करायचा कसा?

संगणक आला तेव्हा पोलिसांची फारशी अडचण झाली नव्हती. हार्ड डिस्क हीसुद्धा एक वस्तूच. ती काढायची, राइट ब्लॉकर नावाच्या छोट्या डबीतून जोडायची, म्हणजे तिच्यातले वाचता येते पण तिच्यावर एक अक्षरही लिहिले जात नाही, आणि तिची बिट-न्-बिट नक्कल उतरवून घ्यायची. नक्कल अस्सलबरहुकूम आहे हे सिद्ध करायला हॅश. सगळ्या मजकुरावर एक ठरावीक गणित चालवले की आकडे आणि अक्षरांची एक ओळ निघते. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ती ओळ पार बदलते. लाखेच्या सीलचा हा गणिती अवतार. एनकेस आणि एफटीके ही विकतची साधने, ऑटॉप्सी हे फुकट मिळणारे खुले साधन, ही सगळी याच काळातली. आरोपीने पुसून टाकलेल्या फायली डिस्कच्या कोपऱ्याकोपऱ्यातून हुडकून काढणे हे त्यांचे मोठे कसब.

मग ढग आला.

नाव फसवे आहे. 'क्लाउड' म्हटले की डोळ्यांपुढे काहीतरी अधांतरी, धुरकट येते. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर उभा असतो, विजेचे बिल भरतो, आणि त्याला थंड ठेवायला यंत्रे चोवीस तास घरघरत असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉनने २०१६च्या जूनमध्ये मुंबईत. तेव्हा ढग कुठे आहे, असे कुणी विचारले तर काही अंशी उत्तर 'इथेच, जवळपास' असे आहे. मग पोलिसांनी जीप काढून तिथे जायला हरकत काय?

हरकत अशी की, तिथे जाऊन हाती काही लागत नाही. जुन्या गावांत सामाईक पेव असे. दहा घरांची ज्वारी एका पेवात ओतली की आपली ज्वारी कोणती हे पुढे कुणालाच दाखवता येत नाही. मापाने घातली, मापाने मिळेल, एवढाच हिशेब. क्लाउडचे तसेच आहे. एका यंत्रावर अनेक भाडेकरूंचे आभासी संगणक चालतात. एका माणसाची फाइल तुकड्या-तुकड्यांनी अनेक डिस्कवर पडलेली असते, तिच्या प्रती आणखी कुठे. पोलिसांनी एखादा सर्व्हर उचलून नेला तर शंभर निरपराध लोकांचा माल ठाण्यात येईल आणि ज्याला शोधत होते त्याचा कदाचित येणारच नाही.

इथे तपासाच्या शतकभराच्या सवयीला धक्का बसतो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात १९१०मध्ये एडमाँ लोकार याने पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढली, आणि प्रत्येक स्पर्श मागे खूण ठेवतो हे तत्त्व त्याच्या नावावर रूढ झाले. त्याच्याही आधी, १८९७मध्ये, बोटांच्या ठशांचा जगातला पहिला विभाग कोलकात्यात उघडला होता. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. पण ठसा काचेवर उमटतो आणि काच तपासनीस स्वतः उचलतो. क्लाउडमध्ये खूण उमटते ती दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वहीत, आणि त्या दुसऱ्याने वही ठेवायची असे आधी ठरवले असेल तरच. पूर्वी तपासनीस जप्ती करायचा. आता त्याला मागावे लागते. प्रस्तुत वक्त्याला या विषयातली हीच खरी उलथापालथ वाटते. साधनांची नावे येतील आणि जातील.

मागायचे, पण कुणाकडे? आणि कुठल्या देशाच्या कायद्याने?

डिसेंबर २०१३. न्यूयॉर्कमध्ये अमली पदार्थांच्या एका तपासात न्यायदंडाधिकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टवर वॉरंट काढले: अमुक ग्राहकाचे ईमेल द्या. कंपनीने खात्याची अमेरिकेतली जुजबी माहिती दिली आणि ईमेलचा मजकूर द्यायला नकार दिला. कारण? मजकूर डब्लिनमधल्या सर्व्हरवर होता आणि अमेरिकी वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही. सरकारचे म्हणणे, कंपनी इथली आहे, बटण इथे बसून दाबता येते, मग समुद्र मध्ये येतोच कुठे? गंमत बघा, दोघांचेही खरे होते. वॉरंट १९८६च्या कायद्याखाली निघाले होते. तो कायदा झाला तेव्हा ईमेल समुद्रापलीकडे ठेवायची कल्पना कुणाच्या मनात असणार? २०१६मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१८मध्ये युक्तिवाद झाले, आणि निकाल लागण्याआधीच मार्चमध्ये अमेरिकी संसदेने नवा कायदा करून टाकला. त्याच्या आद्याक्षरांतून 'क्लाउड' हाच शब्द तयार होतो, हे काही योगायोगाने झालेले नाही. कंपनीच्या ताब्यात असलेली माहिती जगात कुठेही ठेवलेली असो, ती द्यावी लागेल, असे त्याने ठरवले. एप्रिलमध्ये न्यायालयाने आता वादच उरला नाही म्हणून खटला निकालात काढला.

भारतातल्या तपास अधिकाऱ्याचे काय? परदेशी कंपनीकडून ईमेलचा मजकूर हवा असेल तर परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराची वाट. भारत आणि अमेरिकेत असा करार २००१मध्ये झाला, २००५मध्ये अमलात आला. ही वाट लांबची आहे. अशा विनंत्या पुऱ्या व्हायला सरासरी सुमारे १० महिने लागतात, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनीच नेमलेल्या समितीने २०१३मध्ये लिहून ठेवले. दहा महिने हा आकडा लक्षात असू द्या. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचा आहे.

आता साधनांकडे. जुनी साधने नव्या जागी चालतात का, हे कुणी तरी तपासून पाहायलाच हवे होते. २०१२मध्ये जोसाया डायक्स्ट्रा आणि ॲलन शर्मन या दोघा अमेरिकी संशोधकांनी अ‍ॅमेझॉनवर भाड्याने संगणक घेतले आणि त्यांच्यावर एनकेस, एफटीके दुरून चालवून पाहिले. साधने चालली! माहिती उतरवून घेता आली. पण दोघांनी पुढचा प्रश्न विचारला: हाती आलेल्या नकलेवर विश्वास ठेवायला आणखी कुणाकुणावर विश्वास ठेवावा लागला? उत्तर निघाले, सहा थरांवर. वरचा मजकूर आणि त्याचा प्रोग्राम, त्याखालची आभासी संगणकाची यंत्रणा, त्याखाली एका यंत्राचे अनेक भास निर्माण करणारा थर, त्याखाली मूळ यंत्राची यंत्रणा, मग प्रत्यक्ष यंत्र, आणि या सगळ्याला जोडणारे नेटवर्क. घरातल्या डिस्कच्या वेळी यातले बरेचसे थर तपासनिसाच्या हातात असत. इथे खालचे सगळे दुसऱ्याचे. राइट ब्लॉकरची डबी लावायची तर कशाला लावायची?

म्हणून रीत बदलली. भाड्याच्या आभासी संगणकावर हल्ला झाला असे कळले तर जाणकार तपासनीस तो बंद करत नाही. बंद केला की मेमरीतले सगळे गेले, आणि कायमचा काढून टाकला तर त्याची मुख्य डिस्कही अ‍ॅमेझॉनच्या नेहमीच्या मांडणीत सोबतच पुसली जाते. तो आधी त्या संगणकाची बाहेरची वाट अडवतो, मेमरीची नक्कल घेतो, मग डिस्कचा स्नॅपशॉट काढतो आणि तो वेगळ्या, फक्त तपासासाठी ठेवलेल्या खात्यात नेऊन ठेवतो. वेगळे खाते कशासाठी, असे कुणाला वाटेल. २०१४च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या अ‍ॅमेझॉन खात्यात घुसखोर शिरला, खंडणी मागू लागला, आणि कंपनी खाते परत ताब्यात घेऊ पाहते आहे असे दिसताच त्याने एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. मूळ माल आणि बॅकअप, दोन्हींच्या चाव्या एकाच जुडग्यात होत्या. कंपनीने दुकान बंद केले.

फोनच्या वाटेने ढगात शिरणारी साधने हा दुसरा प्रकार. इस्रायलची सेलेब्राइट, कॅनडाची मॅग्नेट, शिवाय ऑक्सिजन, एल्कमसॉफ्ट, अशी नावे सायबर पोलिसांच्या बोलण्यात येतात. फोनवर ईमेल उघडताना दर वेळी पासवर्ड का टाकावा लागत नाही? कारण फोनमध्ये एक टोकन ठेवलेले असते, नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाऊन यायला द्वारपाल हातावर शिक्का मारतो तसे. ही साधने तो शिक्का उचलतात आणि त्याच्या जोरावर क्लाउडचे दार उघडतात. सोय मोठी. पण एक फोन जप्त करण्याचा अधिकार म्हणजे त्या माणसाची दहा वर्षांची पत्रे, फोटो आणि फिरण्याचा नकाशा चाळण्याचा अधिकार का? प्रस्तुत वक्त्याचे मत विचाराल तर, नाही. त्यासाठी वेगळी परवानगी हवी, आणि ती कशापुरती आहे हे तिच्यावरच लिहिलेले हवे.

हुशारी साधनात असते, तशी चूक माणसात असते. २ डिसेंबर २०१५ला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे गोळीबार झाला, १४ माणसे मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन मिळाला. तो त्याला नोकरीत मिळालेला, म्हणजे मालक काउंटीचे सरकार. आयक्लाउडवरचा शेवटचा बॅकअप १९ ऑक्टोबरचा होता. फोन नेहमीच्या वायफायजवळ नेऊन चार्जिंगला लावला असता तर त्याने कदाचित आपणहून नवा बॅकअप घेतला असता, आणि तो ॲपलकडून मागता आला असता. पण घाईघाईत एफबीआयच्या सांगण्यावरून आयक्लाउडचा पासवर्डच बदलला गेला. फोनजवळ जुना पासवर्ड, ढगाजवळ नवा. बॅकअपची वाट तिथेच मिटली. पुढे ॲपल आणि अमेरिकी सरकार यांच्यात जो जगभर गाजलेला कोर्टाचा झगडा झाला, त्याच्या मुळाशी ही सुरुवातीच्या दिवसांतली चूक होती. एफबीआयच्या संचालकांनी संसदेच्या समितीपुढे ती कबूलही केली.

गूगल डॉक्सवर लिहिलेल्या मजकुराची गोष्ट तर आणखी न्यारी. पीडीएफ उतरवून घेतला की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तो दस्तऐवज म्हणजे बदलांची यादी असते: हे अक्षर टाकले, ते खोडले, ही ओळ वर नेली. उतरवलेली फाइल हा त्या सगळ्या प्रवासाचा शेवटचा फोटो. न्यू ऑर्लिन्स विद्यापीठात वासिल रुसेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एपीआयच्या वाटेने, म्हणजे सेवेच्या स्वतःच्या खिडकीतून, आतला माल जुन्या आवृत्त्यांसकट मागून घेणारी साधने तयार केली. खोडलेले वाक्य कागदावर दिसत नाही. इथे ते कधी लिहिले आणि कधी खोडले हेही निघते.

आता मघाशी बोललेल्या वहीकडे वळू. या वहीला लॉग म्हणतात. कोण आले, कुठून आले, कोणत्या चावीने आले, कशाला हात लावला. हा विषय सगळ्यांत रुक्ष आणि, श्रोतेहो, सगळ्यांत मोलाचा.

१७ जुलै २०१९ला अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेला एका अनोळखी माणसाचा ईमेल आला: तुमचा माल गिटहबवर उघडा पडलेला दिसतो. गिटहब म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ते संकेतस्थळ. बँकेने पाहिले. तिथे एक फाइल होती आणि फाइलमध्ये तीन आज्ञा. पहिली आज्ञा एका फायरवॉलच्या नावाने तात्पुरती चावी मिळवणारी, दुसरी त्या चावीने कोणकोणत्या कोठारांत जाता येते ते विचारणारी, तिसरी कोठारांतला माल उपसणारी. फायरवॉल म्हणजे राखणदार. त्यालाच फसवून, 'आतून अमुक आणून दे' असे त्याच्याकडून करवून घेतले होते. सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडातल्या लोकांची माहिती गेली. आता बँकेने स्वतःच्या नोंदी काढल्या, आणि त्या आज्ञा वहीत जशाच्या तशा सापडल्या: त्याच चावीने, मार्च आणि एप्रिलच्या तारखांना. २९ जुलैला सिअ‍ॅटलमध्ये अटक झाली. पूर्वी अ‍ॅमेझॉनमध्येच काम केलेली अभियंता. टिप मिळाल्यापासून बारा दिवस! नोंद होती म्हणून. पण हीच नोंद मार्चपासून वहीत पडून होती आणि जुलैपर्यंत ती कुणी वाचली नव्हती, हेही सांगायला हवे. नियंत्रकांनी बँकेला ८ कोटी डॉलर दंड केला.

दुसरी गोष्ट २०२३ची. १५ जूनला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा कक्षाला आपल्या ईमेलमध्ये काही तरी विचित्र दिसले. कुणी तरी पत्रे उघडत होते, आणि ते 'कुणी तरी' खात्यातले नव्हते. पुढे निष्पन्न झाले की चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका टोळीने मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची एक सही करायची किल्ली मिळवली होती आणि तिच्या जोरावर ती स्वतःच खोटी टोकने बनवत होती. २२ संस्था, ५००हून जास्त माणसे, एकट्या परराष्ट्र खात्याची सुमारे ६०,००० पत्रे. पण हे परराष्ट्र खात्यालाच आधी का कळले? कोणते पत्र कुणी उघडले याची बारीक नोंद देणारी वही कंपनी जास्त पैसे भरणाऱ्यांनाच देत होती, आणि खात्याने ते पैसे भरले होते. ज्यांनी भरले नव्हते त्यांच्या घरी चोर येऊन गेला तरी वही कोरी. टीका झाली, महिनाभरात कंपनीने या नोंदी जादा पैसे न घेता देण्याचे जाहीर केले आणि नोंदी टिकण्याची नेहमीची मुदत ९० दिवसांवरून १८० दिवसांवर नेली. आणि किल्ली चोरीला गेली कशी? शोधताना कंपनीनेच सांगितले की त्या काळातल्या नोंदी आता ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे पुरावा दाखवता येत नाही. वहीचा धंदा करणाऱ्याचीच वही कोरी निघाली.

आता तो दुसरा आकडा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडट्रेल या सेवेत, ग्राहकाने काहीच केले नाही तर, कारभाराच्या घडामोडींची यादी ९० दिवस दिसते. त्यापुढचे हवे असेल तर ती दुसरीकडे साठवण्याची व्यवस्था आधी करावी लागते. कोठारातली एकेक फाइल कुणी उचलली याची नोंद तर मुळात चालूच नसते. चालू करावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. वही ९० दिवसांची, कराराची वाट १० महिन्यांची. म्हणूनच अनुभवी अधिकारी माहिती मागण्याच्या आधी ती जपून ठेवायची विनंती धाडतो. अमेरिकी कायद्यात अशी विनंती ९० दिवस टिकते, ती पुन्हा वाढवून घेता येते. फक्त वाढवायची आठवण राहायला हवी.

भारतात 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ला हुकूम काढला: घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस देशातच जपा, क्लाउड चालवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवा, आणि सगळ्यांनी आपली घड्याळे सरकारी घड्याळाला लावून घ्या. शेवटच्या कलमाला हसू नका. क्लाउडच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. वहीत संध्याकाळचे साडेसहा वाजले की नागपुरात तारीख बदलते. आरोपपत्रात तारीख एका दिवसाने चुकली तर बचावपक्षाच्या वकिलाला आणखी काय हवे?

वकिलांचे नाव निघाले म्हणून शेवटी न्यायालयात जाऊ, आणि त्यासाठी जालन्याला.

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले की खोतकरांचे अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचे, म्हणजे डिजिटल नकलेच्या खरेपणाची लेखी ग्वाही देणारे, प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. मागून मागून थकले तरी अधिकारी देईनात. २०१७मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या साक्षीवरून भागवून निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तो देशभराच्या डिजिटल पुराव्याचा पाया झाला. मूळ यंत्र न्यायालयात आणता येत असेल तर मालकाने ते घेऊन साक्षीला उभे राहावे. पण संगणक एखाद्या मोठ्या जाळ्याचा भाग असेल आणि तो उचलून आणणे शक्यच नसेल, तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने सगळे प्रयत्न करून पाहिले त्याच्याकडून कायदा अशक्याची अपेक्षा धरत नाही, म्हणून गोरंट्याल यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला. तोवर ती विधानसभा मुदत संपून इतिहासजमा झाली होती.

'उचलून आणता न येणारे जाळे', म्हणजे आजचा आपला ढगच.

१ जुलै २०२४पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यात सर्व्हरच्या लॉगला नाव घेऊन दस्तऐवज म्हटले आहे, ही चांगली गोष्ट. कलम ६३च्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग: पहिला माहिती सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅशची ओळ लिहायला जागा आहे आणि ती कोणत्या पद्धतीने काढली यासाठी चौकटी आहेत. त्यांत एमडी-५ आणि एसएचए-१ अजून आहेत. पहिल्या पद्धतीत दोन वेगळ्या मजकुरांची एकच ओळ काढता येते हे २००४मध्ये दाखवले गेले, दुसरीत २०१७मध्ये. सुदैवाने शेजारीच एसएचए-२५६ची चौकट आहे. खूण तिथे करावी.

फॉर्मच्या वरच्या भागात पुरावा कशातून घेतला याची यादी आहे: संगणक, डीव्हीआर, मोबाइल, सीडी, सर्व्हर, आणि हो, क्लाउडसुद्धा. तपास अधिकाऱ्याने क्लाउडपुढे खूण करायची. मग खालच्या ओळीत सरळ विचारले आहे: मेक आणि मॉडेल कोणते, अनुक्रमांक कोणता, आणि रंग कोणता?